१९४७ : लस तीच होती, विषाणू तो नव्हता

मार्च १९४७. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात, मिशिगन विद्यापीठात, फ्लूची साथ आली. विद्यापीठातल्या दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी त्याआधी फ्लूची लस घेतलेली होती आणि साडेसात हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांनी घेतलेली नव्हती. साथ ओसरल्यावर हिशोब मांडला. लस घेतलेल्यांपैकी साधारण ७ टक्के आजारी पडले होते, न घेतलेल्यांपैकी साधारण ८ टक्के. थोडक्यात, लस घेतली काय आणि नाही घेतली काय, सारखंच.

हा हिशोब मांडणारे कोण होते ते बघा. थॉमस फ्रान्सिस. अमेरिकी सैन्याच्या इन्फ्लुएन्झा कमिशनचे प्रमुख, आणि ही लस ज्यांच्या हाताखाली उभी राहिली ते गृहस्थ. त्यांच्याबरोबर जोनास साल्क. पोलिओची लस यायला अजून आठ वर्षं होती, तेव्हा साल्क म्हणजे फ्रान्सिस यांच्या लॅबमधला एक हुशार तरुण, इतकंच. या लोकांनी स्वतःच्या लसीचं अपयश आकड्यांसकट त्याच वर्षी छापलं.

आज ‘विषाणू उत्परिवर्तनं करून रोगप्रतिकारशक्तीला चकवतो’ हे वाक्य कुठल्याही नोट्समध्ये सापडतं. नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना ते पाठच असतं. पण हे वाक्य सिद्ध करायला किती वर्षं लागली आणि मधल्या काळात शहाण्या लोकांनी कोणते वेगळे अंदाज बांधले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. मला तो मधला भागच जास्त कामाचा वाटतो, म्हणून आज तो.

थोडं मागे जाऊ. माणसातला फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला १९३३ मध्ये, लंडनला. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी आजारी माणसांच्या घशातलं पाणी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातलं आणि फेरेट शिंकायला लागले. (१९३६ साली असाच एक फेरेट स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना फ्लू झाला. प्रयोगशाळेतल्या अपघातांमध्ये इतका उपयोगी अपघात क्वचितच होतो, त्यावर पेपर निघाला.) १९३४ मध्ये फ्रान्सिस यांनी पोर्तो रिको बेटावरच्या साथीतून विषाणू वेगळा केला. तो म्हणजे पीआर८, आजही जगभरच्या लॅबमध्ये वापरात असलेला.

पण विषाणू हातात असणं वेगळं आणि दोन विषाणू एकच आहेत की वेगळे हे सांगता येणं वेगळं. तेव्हा त्यासाठी उंदीर लागायचे. विषाणू आणि रक्तद्रव मिसळून उंदराला द्यायचं आणि उंदीर वाचतो का ते बघायचं. वेळखाऊ, खर्चिक, आणि आकडे ढोबळ. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट कोंबडीच्या अंड्यांमध्ये विषाणू वाढवत होते. अंड्यातला द्रव काढताना एखादी रक्तवाहिनी तुटली की द्रवात रक्त मिसळायचं, आणि त्या रक्तपेशी आपोआप गुठळ्या करून बसायच्या. दुसऱ्या कोणी ते खराब सॅम्पल म्हणून फेकून दिलं असतं. हर्स्ट थांबले. (कॅनडातल्या मॅक्लेलँड आणि हेअर यांनाही त्याच वर्षी हेच स्वतंत्रपणे दिसलं.) विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन रक्तपेशींना चिकटतं आणि त्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. त्या प्रथिनाचं नाव पुढे हिमॅग्लुटिनिन पडलं. विषाणू आपल्या श्वसनमार्गातल्या पेशीला धरतो तो याच प्रथिनाने.

आता यात रक्तद्रव मिसळा. त्यात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर त्या हिमॅग्लुटिनिनवर बसतात, विषाणूला पेशी धरता येत नाहीत, गुठळी होत नाही. रक्तपेशी खाली घरंगळून तळाशी लाल बटणासारख्या जमतात. रक्तद्रव दुप्पट दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठपर्यंत बटण दिसतं ते नोंदवायचं: १:१०, १:२०, १:४०, १:८०… हा झाला टायटर. उंदीर नाही, आठवडाभर वाट पाहणं नाही, तासाभरात उत्तर. पुढची सगळी गोष्ट या बटणांवर उभी आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला १९१८ची आठवण ताजी होती. त्यांना लस हवीच होती. १९४३च्या अखेरीस साडेबारा हजारांच्या आसपास तरुणांवर चाचणी झाली. लस न मिळालेल्यांत आजाराचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास, मिळालेल्यांत २च्या जरा वर. १९४५ मध्ये इन्फ्लुएन्झा-बीची साथ आली, तेव्हाही लसीने उत्तम काम केलं. त्याच वर्षी ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली. म्हणजे १९४६ अखेर परिस्थिती अशी, की हा प्रश्न सुटला असं म्हणायला कोणाचीच हरकत नव्हती.

आणि मग १९४७.

इथे जरा थांबू, कारण संशोधन शिकणाऱ्याने बघण्यासारखं जे काही आहे ते इथे आहे. लस फसली की पहिली शंका लसीवर जाते. बॅच खराब होती का? साठवताना बिघडली का? डोस कमी पडला का? फ्रान्सिस आणि मंडळींनी लस घेतलेल्यांचं रक्त तपासलं. लसीत जे विषाणू होते, म्हणजे १९३४ चा पीआर८ आणि १९४३ चा वाइस, त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी भरपूर वाढलेल्या होत्या. लसीने आपलं काम चोख केलं होतं. तेच रक्तद्रव १९४७च्या साथीतून काढलेल्या विषाणूसमोर ठेवलं, आणि तिथे अँटिबॉडी जेमतेम. न्यू जर्सीतल्या फोर्ट मन्मथ छावणीतून सापडलेल्या विषाणूला एफएम१ नाव मिळालं, तो या नव्या घराण्याचा नमुना ठरला. पहारेकरी जागा होता, त्याच्या हातातला फोटो जुना होता.

परिणाम लगेच झाले. फ्लूचा विषाणू जगभर सतत गोळा करत राहिलं पाहिजे, हे पटलं. लंडनला जागतिक इन्फ्लुएन्झा केंद्र सुरू झालं आणि १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं देखरेखीचं जाळं उभं राहिलं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आज याच जाळ्यातलं भारताचं केंद्र आहे.

पण ‘विषाणू बदलला’ म्हणजे नेमकं काय झालं? इथे दोन पूर्ण वेगळ्या कल्पना होत्या. फ्रान्सिस यांच्या गटाचा कल असा, की विषाणूकडे ठरावीक प्रतिजनांचा साठा आहे. पत्ते तेच, फक्त पिसून दर वेळी वेगळं पान वर येतं. हे खरं असतं तर सगळी पानं एकदा लसीत घातली की काम संपलं! ही कल्पना वेडगळ अजिबात नव्हती, आकड्यांवरून तसं दिसतही होतं. दुसरी कल्पना अशी, की पत्ते ठरावीक नाहीत, नवीन पत्ते छापले जातात. मग काम कधीच संपत नाही.

१९५० मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या आर्केटी आणि हॉर्सफॉल यांनी हा प्रश्न अंड्यात नेला. त्यांनी विषाणू अंड्यात वाढवला, पण बरोबर रक्तद्रव घातलं. कोणतं? त्याच विषाणूविरुद्धचं नाही, तर त्याच्या नात्यातल्या दुसऱ्या विषाणूविरुद्धचं. म्हणजे विषाणू दाबला जाईल, पण पूर्ण मरणार नाही. असं अंड्यामागून अंडं करत गेल्यावर शेवटी निघालेला विषाणू मूळ विषाणूसारखा वागेना. मग त्यांनी रक्तद्रव काढून घेतलं आणि आणखी पिढ्या वाढवल्या. नवं रूप टिकून राहिलं. ज्या अंड्यांत रक्तद्रव नव्हतंच, तिथे असा बदल दिसला नाही. शीर्षकातच त्यांनी ‘अपूर्ण निष्प्रभावन’ असं म्हटलंय. हा ‘अपूर्ण’ शब्द लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आता एक गैरसमज, जो मुलाखतीत हमखास पकडला जातो. विषाणू सुटण्यासाठी बदलत नाही. त्याला काही कळत नाही. फ्लूच्या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा, साधारण साडेतेरा हजार अक्षरांचा, आठ तुकड्यांत विभागलेला. त्याची नक्कल करणारं एन्झाइम लिहिलेलं परत तपासत नाही, त्यामुळे दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एखादी चूक होतच राहते. अँटिबॉडी असो वा नसो. बहुतेक चुका विषाणूला मारक, काही निरुपद्रवी. एखादी चूक अशी असते की अँटिबॉडी नीट बसत नाही. अँटिबॉडी नसलेल्या माणसात या चुकीला काहीच किंमत नाही. अँटिबॉडी असलेल्यात मात्र बाकीचे सगळे मरतात आणि हा एकटा उरतो. लुरिया आणि डेल्ब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंबद्दल हेच दाखवलं होतं: बदल आधी होतो, निवड नंतर.

आणि नुसता चुकांचा वेग हेही उत्तर नाही. गोवरचा विषाणूही आरएनएचाच, तोही चुका करतो. पण गोवरच्या लसीतला विषाणू १९५४ मध्ये एका शाळकरी मुलाकडून घेतलेल्या विषाणूचा वंशज आहे, पुण्यात बनणाऱ्या लसीतलाही त्याच घराण्यातला, आणि ती लस आजही काम करते. गोवरच्या प्रथिनांच्या मोक्याच्या जागा बदलल्या तर विषाणूच लंगडा पडतो. म्हणजे प्रश्न ‘किती चुका होतात’ एवढाच नाही, ‘कोणत्या चुका परवडतात’ हाही आहे.

फ्रान्सिस दरम्यान दुसऱ्याच टोकाकडून या प्रश्नाशी झटत होते. त्यांनी आणि डेव्हनपोर्ट, हेनेसी या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं रक्त तपासलं. प्रत्येक वयोगटात सर्वांत जास्त अँटिबॉडी होत्या त्या त्यांच्या लहानपणी फिरत असलेल्या विषाणूविरुद्ध. नव्या विषाणूची लागण झाली तरी शरीर जुन्याच अँटिबॉडी आधी वर काढत होतं. १९६० मध्ये फ्रान्सिस यांनी याला नाव दिलं ‘मूळ प्रतिजनिक पाप’. ख्रिस्ती धर्मातल्या आदिपापाची छाया त्यात उघड आहे. नाव थोडं नाटकी आहे (‘पाप’ म्हणावं का यावर अजून वाद चालतो, बरेच जण ‘ठसा’ म्हणतात), पण निरीक्षण पक्कं निघालं. याचा व्यवहारातला एक परिणाम असा, की दोन विषाणूंची तुलना करायला मोठ्या माणसाचं रक्तद्रव चालत नाही, त्यात आयुष्यभराचे फ्लू मिसळलेले असतात. म्हणून आजही ती तुलना आधी कधीच फ्लू न झालेल्या फेरेटच्या रक्तद्रवाने करतात. कंट्रोल का लागतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९५७ची आशियाई साथ हा वेगळ्या जातीचा बदल होता, त्यावर इथे फार रेंगाळत नाही. तिथे किरकोळ चुका नव्हत्या, हिमॅग्लुटिनिनचं अख्खं जनुकच पक्ष्यांच्या विषाणूकडून आलेलं होतं. मॉरिस हिलमन यांनी हाँगकाँगच्या बातमीवरून ती साथ ओळखली. तपासणीत अँटिबॉडी सापडल्या त्या फक्त काही सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्यांमध्ये. आपल्याकडे ती जहाजाने मद्रासला उतरली आणि मे १९५७ ते फेब्रुवारी १९५८ या काळात भारतात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख रुग्ण नोंदले गेले. अख्खं जनुक बदलणं म्हणजे शिफ्ट, आणि १९४७ सारखं हळूहळू सरकणं म्हणजे ड्रिफ्ट. आपण ड्रिफ्टबरोबर राहू.

१९६८ मध्ये लेव्हर आणि वेब्स्टर यांनी आर्केटी-हॉर्सफॉलसारखाच प्रयोग केला, पण एक पायरी पुढे जाऊन निसटलेल्या विषाणूचं हिमॅग्लुटिनिन वेगळं काढलं, एन्झाइमने त्याचे तुकडे केले आणि ते तुकडे कागदावर पसरवून मूळच्या तुकड्यांशी ताडून पाहिले. काही ठिपके जागचे हलले होते. प्रथिनाची घडणच बदलली होती. पत्ते पिसण्याची कल्पना इथे बरीच मागे पडली.

मग मोनोक्लोनल अँटिबॉडी आल्या (१९७५, कोलर आणि मिल्स्टाइन), आणि गणित स्वच्छ झालं. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर गेरहार्ड यांनी पीआर८च्या हिमॅग्लुटिनिनविरुद्ध अशा अँटिबॉडींचा संच तयार केला, म्हणजे प्रत्येक अँटिबॉडी एकाच जागेवर बसणारी. १९७९ मध्ये यूडेल, वेब्स्टर आणि गेरहार्ड यांनी छापलं की एका अँटिबॉडीसमोर साधारण एक लाखातला एक विषाणू निसटतो. अशा विषाणूंमध्ये अनेकदा एकच अमिनो आम्ल बदललेलं सापडलं. पण दोन वेगळ्या जागांवर बसणाऱ्या अँटिबॉडी एकाच वेळी ठेवल्या तर दोन्ही चुका एकाच विषाणूत हव्यात. एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे हजार कोटीत एक.

इथे एक कोडं तयार होतं, बघा. माणसाच्या रक्तात एका जागेविरुद्ध नाही, अनेक जागांविरुद्ध अँटिबॉडी असतात. मग हिशोबाने विषाणू कधीच निसटायला नको. तरी १९४७ घडलं, आणि त्यानंतरही दर काही वर्षांनी घडत आलं. उत्तर त्या ‘अपूर्ण’ शब्दात आहे. लोकांची प्रतिकारशक्ती एकसारखी नसते. कोणाच्या अँटिबॉडी एकाच जागेवर एकवटलेल्या, कोणाच्या जुन्या विषाणूच्या मापाच्या आणि नव्यावर सैल बसणाऱ्या, कोणाच्या पुरेशाच नाहीत. विषाणूला हजार कोटींची उडी मारावी लागत नाही. एका माणसात एक पायरी, आणखी कुठे दुसरी. भिंत उंच असली तरी शेजारी जिना असेल तर काय उपयोग!

१९८१ मध्ये विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिमॅग्लुटिनिनची त्रिमिती रचना काढली, तेव्हा हे सगळं डोळ्यांना दिसलं. प्रथिनाच्या टोकाशी एक छोटा खळगा आहे. पेशीवरची साखर त्यात बसते, म्हणून तो खळगा वर्षानुवर्षं जवळजवळ तसाच राहिलेला. आणि साथींमधल्या विषाणूंत बदललेली अमिनो आम्लं दाखवा म्हटलं तर त्यांतली बरीचशी खळग्याभोवतीच्या कडांवर. अँटिबॉडीचा तळवा खळग्यापेक्षा मोठा असतो, ती कडांना टेकल्याशिवाय बसू शकत नाही. विषाणू किल्लीचं भोक तसंच ठेवतो आणि भोवतीची चौकट बदलत राहतो. २०१३ मध्ये कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९६८ ते २००३ या काळात एच३एन२ विषाणूने घेतलेली मोठी प्रतिजनिक वळणं फक्त सात जागांवरच्या बदलांनी समजावता येतात, आणि त्या सातही जागा खळग्याला लागून आहेत.

एक शंका मात्र उरते, आणि ती रास्त आहे. आपल्याला फ्लू पुन्हा पुन्हा होतो तो विषाणू बदलतो म्हणून, की आपली प्रतिकारशक्ती विसरते म्हणून? हे माणसांवर तपासायचं तर एक बदल न झालेला विषाणू वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा लोकांत सोडावा लागेल. असा प्रयोग कोणी मंजूर करणार नाही. तो १९७७ मध्ये आपोआप झाला. त्या वर्षी चीन आणि सोव्हिएत संघात एच१एन१ची साथ आली. पुढच्याच वर्षी नाकाजिमा, डेसेलबर्गर आणि पालेसी यांनी दाखवलं की हा विषाणू १९५०च्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. माणसांत फिरत राहिलेला विषाणू सत्तावीस वर्षं असा राहूच शकत नाही. त्यामुळे कुठेतरी गोठवून ठेवलेला नमुना, प्रयोगशाळेतून किंवा लसीच्या चाचणीतून, बाहेर पडला असावा असंच बहुतेक संशोधक मानतात. आजारी कोण पडलं? मुख्यतः पंचविशीच्या आतले. त्याहून मोठ्यांना तो विषाणू लहानपणी भेटला होता, आणि त्यांचं शरीर काहीही विसरलं नव्हतं.

आज जागतिक आरोग्य संघटनेची बैठक वर्षातून दोनदा होते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये, आणि पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरतं. टेबलावर जनुकांचे अनुक्रम असतात, नकाशे असतात, आणि फेरेटच्या रक्तद्रवाचे टायटरही असतात. हर्स्टच्या चाचणीला मात्र अलीकडे एक अडचण आली आहे. एच३एन२च्या खळग्याच्या कडा इतक्या बदलल्या की हे विषाणू आता कोंबडीच्या रक्तपेशी नीट धरतच नाहीत. आधी टर्कीच्या पेशी वापरून पाहिल्या, मग गिनीपिगच्या. अनेक लॅब आता या विषाणूंसाठी पेशींच्या थरावर निष्प्रभावन चाचणी करतात, जिला तासाऐवजी काही दिवस लागतात.